कुरळ्या केसांचा गुंता ओला असतानाच सुटतो

सातारा जिल्ह्यातल्या वडूजहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीचे केस दहाव्या वर्षापर्यंत सरळ होते, त्यानंतर ते वळत गेले आणि आता पुरते कुरळे झाले आहेत. रोज सकाळी शाळेसाठी दोन वेण्या घालताना कंगवा अडकतो, मुलगी रडते आणि न्हाण्याच्या दिवशी हातात केसांचा पुंजका येतो. वर्गातल्या मुली तिला ‘झिपरी’ म्हणतात. मानेजवळ केसांची एक गाठ झाली आहे, पण ती जट असेल या भीतीने आजी तिला हात लावू देत नाहीत. मार्गशीर्षात मामाचे लग्न आहे, त्याआधी केराटिन करून केस सरळ करून घ्यावेत का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: केराटिन करू नका. तुमच्या लेकीच्या केसांत दोष नाही आणि तुमच्या कष्टांतही उणीव नाही. चुकतो आहे तो कामाचा क्रम. सरळ केस थोडे वाळू देऊन मग विंचरायचे असतात. कुरळे केस मात्र ओले असताना, कंडिशनर लावलेले असतानाच विंचरायचे असतात आणि वाळल्यावर त्यांना कंगवा लावायचाच नसतो. गेली तेवीस वर्षे मी साताऱ्यात केसांचे काम करते. माझे स्वतःचे केस कुरळे आहेत आणि माण तालुक्यात बोअरच्या पाण्याने न्हात मी लहानाची मोठी झाले. या एका बदलाने जितक्या घरांतली सकाळची रडारड थांबलेली मी पाहिली आहे, तितकी कोणत्याही महागड्या उपचाराने थांबलेली पाहिली नाही.

केस सरळ निघणार की वळत, हे डोक्याच्या कातडीच्या आतच ठरते. केस ज्या बारीक नळीतून उगवतो तिला केशकूप म्हणतात. सरळ केसांचा केशकूप सरळ असतो आणि त्या केसाचा आडवा छेद घेतला तर तो बहुधा गोल दिसतो. कुरळ्या केसांचा केशकूप मुळाशी आकड्यासारखा वाकलेला असतो आणि केसाचा छेद लंबगोल, काहीसा चपटा असतो. म्हणजे तेल, साबण किंवा हवापाण्याने केस कुरळे झालेले नसतात, ते कुरळेच उगवत असतात. वयात येताना शरीरात जे बदल होतात त्यांचा परिणाम केशकूपांवरही होतो, म्हणून दहा ते चौदा या वयात सरळ केस कुरळे होणे मुळीच दुर्मीळ नाही. तुमच्या घरात हेच घडलेले दिसते. मुलीचे केस बदलले, परंतु ते सरळ असताना तुमच्या हाताला जी सवय लागली होती ती तशीच राहिली.

आता तेलाचे पाहा. डोक्याच्या कातडीतून जो नैसर्गिक स्निग्ध पदार्थ पाझरतो, तो सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरतो. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर मात्र तो अडखळतो, त्यामुळे मुळे तेलकट आणि टोके कोरडी अशी स्थिती होते. केसाच्या बाहेरच्या आवरणावर कौलारू छपरासारखे एकावर एक बसलेले अतिसूक्ष्म खवले असतात. वळणावर हे खवले थोडे उचललेले राहतात आणि शेजारच्या केसाच्या खवल्यांत अडकतात. गुंता म्हणजे हेच अडकणे. कोरड्या केसांत कंगवा ओढला की हे खवले तुटतात, मग तो केस आणखी खरखरीत होतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त अडकतो. रोज सकाळी मन लावून विंचरलेले केस रोज थोडे अधिक बिघडत जातात, ते यामुळे. कंडिशनरमधले घटक या खवल्यांवर गुळगुळीत थर देतात, म्हणून त्या वेळी कंगवा सरकतो.

न्हाण्याची पद्धत सविस्तर सांगते, कारण सगळे यश तिच्यावरच अवलंबून आहे. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा न्हायला हवे. शाळा असल्यामुळे रविवार आणि जमल्यास बुधवारची संध्याकाळ ठरवावी. आदल्या रात्री किंवा न्हाण्याच्या दोन-तीन तास आधी खोबरेल तेल लावावे, ते मुळांपेक्षा केसांच्या मधल्या भागाला आणि टोकांना जास्त. खोबरेल तेलातील लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते आणि त्यामुळे धुताना केसातली प्रथिने कमी निघून जातात. भारतीय संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून २००३ मध्ये हे दाखवून दिले आणि तिन्ही तेलांत हा गुण खोबरेलातच आढळला. आपल्या आज्यांची रविवारची तेलाची वाटी कुरळ्या केसांच्या बाबतीत पूर्णपणे बरोबर होती. एरंडेल मात्र नको. ते फार चिकट असते, आणि लांब केस तेल लावून धुताना एकाएकी गच्च गोळा झाल्याचे एक उदाहरण आपल्याच देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी २०१७ मध्ये एरंडेलाच्या संदर्भात नोंदवले आहे.

शाम्पू फक्त डोक्याच्या कातडीला, बोटांच्या पेरांनी लावावा. केस डोक्यावर गोळा करून चोळण्याची आपली जुनी सवय सोडावी लागेल. पाणी ओतताना जो फेस खाली उतरतो तेवढ्याने लांब केस स्वच्छ होतात. अंगाचा साबण डोक्याला कधीही लावू नये, कारण साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच) नऊ ते दहाच्या घरात जातो आणि त्याने केसांचे खवले उभे राहतात. शिकेकाई चालते, परंतु कोरडी पूड थेट डोक्यात घालू नये, कारण तिचे कण वळणांत अडकून बसतात आणि निघता निघत नाहीत. शिकेकाईच्या शेंगा रात्री भिजवून, सकाळी उकळून, जाड फडक्याने दोनदा गाळून घेतलेले पाणी वापरावे. त्यात रिठा घालायचा असेल तर अगदी थोडा घालावा, तो केस फार कोरडे करतो.

शाम्पू धुतला की कंडिशनर घ्यावा आणि तो सढळ हाताने घ्यावा. पाकिटावर लिहिलेले थेंबभर प्रमाण कुरळ्या, खांद्याखाली आलेल्या केसांना पुरत नाही. केसांचे चार भाग करावेत आणि एकेका भागाला कंडिशनर लावून आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवावा. सुरुवात नेहमी टोकाकडून करावी. टोकाचे चार बोटे केस मोकळे झाले की त्याच्या वर चार बोटे, मग आणखी वर, असे करत मुळाशी शेवटी पोहोचावे. एका हाताने केस कंगव्याच्या वर घट्ट धरून ठेवावेत म्हणजे मुळांना ओढ बसत नाही आणि मुलीला दुखत नाही. पहिल्या वेळी या कामाला अर्धा-पाऊण तास लागेल, चौथ्या-पाचव्या रविवारी दहा मिनिटांत होईल.

कंडिशनर पुरता धुऊन काढू नये, किंचित बुळबुळीतपणा हाताला लागत राहिला पाहिजे. यानंतर केसांतून पाणी निथळत असतानाच जेल लावावी, आणि ही जेल तुमच्या स्वयंपाकघरातच तयार होते. जवस आपल्याकडे चटणीसाठी घरोघरी असतात. चार मोठे चमचे जवस आणि दोन कप पाणी मंद आचेवर ढवळत ठेवावे, आठ-दहा मिनिटांत पाणी दाट होऊन अंड्याच्या पांढऱ्यासारखे ओघळू लागले की आच बंद करून लगेच, गरम असतानाच पातळ सुती ओढणीतून पिळून गाळावे. थांबलात तर ते इतके घट्ट होते की गाळता येत नाही. गार झाल्यावर बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवल्यास आठवडाभर टिकते, आंबूस वास आला की फेकून द्यावे. जवसाच्या सालीतील हा चिकट पदार्थ वाळताना प्रत्येक बटेभोवती पातळ आवरण धरतो आणि वळण जागच्या जागी ठेवतो. बाजारातली जेलही चालते, तिच्यातून काही वेगळा चमत्कार होत नाही.

जेल तळहातांना लावून ती केसांवरून खालपर्यंत निपटावी आणि मग डोके पुढे झुकवून, केस तळहातावर झेलत टोकांकडून मुळांकडे मुठीत हलके दाबावेत. पिळू नये, नुसते दाबावे. त्याच वेळी वळणे डोळ्यांदेखत जमताना दिसतात, आणि आपले केस असे दिसतात हे मुलीला पहिल्यांदा कळते. पाणी टिपायला जाड टर्किश टॉवेल घेऊ नये, त्याचे धागे खवल्यांना ओढतात. घरात जुना मऊ पंचा असेलच, तो डोक्याला सैल गुंडाळून पंधरा मिनिटे ठेवावा. पुढे केस पूर्ण वाळेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मुलींना सर्वांत अवघड जाते ते हेच. अर्धवट वाळलेले केस सारखे चाचपले की बटा फुटतात आणि केस पिंजारतात. वाळल्यावर बटा कडक लागतील, तेव्हा खोबरेलाचे दोन थेंब तळहातांवर चोळून बटा मुठीत हलकेच चुरगाळाव्यात म्हणजे कडकपणा जातो आणि वळण राहते.

हे सगळे पाण्यामुळे का घडते तेही सांगते, कारण ते समजले की पावसाळ्यातला फुगारा आणि उन्हाळ्यातला कोरडेपणा दोन्ही उलगडतात. केसातल्या केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी एकमेकींना धरून असतात. गंधकाचे बंध पक्के असतात, ते पाण्याने तुटत नाहीत. हायड्रोजनचे बंध मात्र केस भिजला की सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. म्हणून ओल्या केसाला जे वळण द्याल ते वाळल्यावर टिकते, आणि हवेत बाष्प वाढले की हेच बंध पुन्हा सुटू लागून केस फुलतात. आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तुमच्या माण-खटावकडे सुमारे ५०० मिलिमीटर, त्यामुळे घाटाकडच्या मेढ्याच्या किंवा पाटणच्या मुलीला मी जे सांगते ते जसेच्या तसे तुम्हाला लागू होत नाही. तिकडे जेल जास्त आणि ग्लिसरीन असलेली क्रीम कमी, असे मी सांगते, कारण ग्लिसरीन हवेतले पाणी ओढून घेते आणि केस आणखी फुलवते. तुमच्याकडच्या कोरड्या हवेत कंडिशनर जास्त लागेल आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात जाताना डोक्याला सुती रुमाल बांधणे उपयोगी पडेल.

वडूजचा मुख्य प्रश्न माझ्या मते पाणी हाच आहे. तुम्ही बोअरचे पाणी वापरता असे लिहिले आहे. पाणी तापवायच्या हंड्याला किंवा गिझरला आतून पांढरा थर धरत असेल, डाळ शिजायला वेळ लागत असेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरे पाणी नसल्यास कमाल मर्यादा ६०० मिलिग्रॅम आहे. हे क्षार केसांवर बसतात आणि कितीही कंडिशनर लावला तरी केस राठच लागतात. मी शिक्षणासाठी माणमधून साताऱ्यास आले, कासच्या तलावाचे पाणी डोक्यावर घेऊ लागले आणि दोन महिन्यांत माझ्या केसांचा पोत बदलला. तेव्हा मला वाटले होते की साताऱ्याचा शाम्पू चांगला आहे. शाम्पू तोच होता, पाणी वेगळे होते. यावर सोपा उपाय म्हणजे शेवटच्या दोन तांब्यांपुरते पाणी आदल्या रात्री चांगले उकळून, झाकून ठेवून, सकाळी तळाचा गाळ न हलवता वरचे निवळ पाणी वापरणे. उकळल्याने कठीणपणाचा काही भाग खाली बसतो, सगळा नाही. पावसाळ्यात पत्र्यावरचे पहिल्या दोन-तीन सरींनंतरचे पाणी धरून ठेवता आले तर त्याहून चांगले काहीच नाही. शिवाय महिन्यातून एकदा, ज्याच्या घटकांत ईडीटीए लिहिलेले आहे असा शाम्पू वापरावा, त्याने साठलेले क्षार निघतात. लिंबाचा रस सरळ केसांवर पिळण्याचा सल्ला कोणी देईल, तो घेऊ नये. तो फार तीव्र असतो. तांब्याभर पाण्यात अर्धा चमचा एवढाच चालतो आणि तोही धुऊन टाकायचा असतो.

केस गळण्याची तुमची भीती मला समजते, पण त्यातली बरीचशी अनाठायी आहे. कोणाच्याही डोक्यावरून रोज पन्नास ते शंभर केस गळतात. सरळ केस दिवसभर अंगावर, जमिनीवर पडून जातात आणि नजरेस येत नाहीत. कुरळ्या केसांतून गळलेले केस वळणांत अडकून राहतात आणि चार दिवसांनी न्हाताना एकदम हातात येतात, म्हणजे दोनशे ते चारशे केसांचा तो पुंजका चार दिवसांचा हिशेब असतो. तरीही दोन गोष्टी पाहाव्यात. केसाच्या एका टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर तो मुळापासून, आपली वेळ संपल्यावर गळलेला केस आहे. ठिपका नसलेले आखूड तुकडे जास्त असतील तर केस मधेच तुटत आहेत आणि त्याचे कारण कोरडे विंचरणे हे आहे. भांग रुंद होत असेल, कुठे चाई पडल्यासारखा गोल चट्टा दिसत असेल किंवा खाज आणि खवले असतील तर मात्र माझ्याकडे न येता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. पाळी सुरू झालेल्या या वयातील मुलींमध्ये लोह कमी असणे फार आढळते, म्हणून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. उवा झाल्या असतील तर त्याही कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतूनच बारीक फणीने काढाव्यात, दर तीन-चार दिवसांनी, किमान दोन आठवडे.

आता आजींच्या गाठीबद्दल. यावर मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात केसांची गाठ ही केवळ केसांची गोष्ट राहत नाही. जट आली म्हणजे यल्लम्मादेवीचे बोलावणे आले, ती कापली तर घरावर कोप होतो, या समजुतीने किती मुलींचे शिक्षण थांबले आणि किती जणी देवीला सोडल्या गेल्या, हे आपल्या भागातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. देवाला मुलगी सोडण्याच्या प्रथेला आज कायद्याने बंदी आहे, पण भीतीला कायदा पुरत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचेच. त्यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी जाऊन, घरच्यांची समजूत घालून स्त्रियांच्या जटा कापल्या आहेत, आणि हे काम २०१३ मध्ये त्यांची हत्या झाल्यानंतरही चालू राहिले. त्या जटांच्या वजनाने स्त्रियांच्या माना दुखतात, त्यांत पाणी साठून कुबट वास येतो, उवा होतात आणि रात्री कुशीवर झोपताही येत नाही. जट सुटल्यावर मान हलकी झाली म्हणून रडलेली बाई मी माझ्या खुर्चीत पाहिली आहे.

आजींना एवढेच सांगावे की ही गाठ देवीने दिलेली नसून मानेखालच्या उशीने आणि शाळेच्या कॉलरने झालेली आहे. मानेजवळचे केस सर्वांत जास्त घासले जातात, घाम तिथेच साठतो आणि दुखते म्हणून कंगवाही तिथे पोहोचत नाही, त्यामुळे कुरळ्या केसांत पहिली गाठ जवळपास नेहमी मानेवरच होते. हे आपल्याकडेच घडते असेही नाही. पोलंडमध्ये अशा जटा इतक्या आढळत की वैद्यकात त्यांना ‘प्लिका पोलोनिका’ हेच नाव पडले. तिथेही जट कापली की माणूस आजारी पडतो असे मानत, आणि एकोणिसाव्या शतकात क्राकाव शहरातील डॉक्टर युझेफ डीट्ल यांना ती समजूत मोडण्यासाठी मोहीम चालवावी लागली. तिथे यल्लम्मा नव्हती, पण न विंचरलेले केस होते. आजींचा अपमान होईल असे काही बोलू नये. त्यांची भीती नातीवरच्या मायेतून आलेली आहे, म्हणून गाठ सोडवताना त्यांनाच शेजारी बसवून घ्यावे.

गाठ अंगठ्याएवढी आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे ती बहुधा न कापता सुटेल. कोमट खोबरेल तेल गाठीत भरपूर मुरवून रात्रभर ठेवावे. सकाळी त्यावर पाणी न लावता कंडिशनर थापून, गाठीचे खालचे टोक शोधून तिथून दोन-चार केस बोटांनी बाजूला काढावेत, पुन्हा दोन-चार, असे करत वर जावे. शिवणाच्या जाड सुईचे बोथट टोक किंवा कंगव्याची दांडी गाठीतले केस सुटे करायला उपयोगी पडते. पाणी अगदी शेवटी ओतावे, कारण आधी पाणी पडले तर गाठ आवळते. तासाभरात सुटली नाही तर तिथेच थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे. इतके करूनही मधला गाभा राहिलाच तर तो आडवा न कापता कात्रीने केसांच्या लांबीच्या दिशेने उभा चिरावा म्हणजे फार थोडे केस जातात.

केराटिनला मी नाही का म्हणते, ते सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण काही वर्षे मी स्वतः ते काम केले आहे. केस सरळ करण्याच्या अनेक द्रवांत फॉर्माल्डिहाइड असते, किंवा तापवल्यावर ते त्यातून सुटते. बाटलीवर ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ असे छापलेले असले तरी मिथिलीन ग्लायकॉलसारख्या नावांनी तेच आत असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये या पदार्थाला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. केसांवर गरम पट्टी फिरवताना जो धूर निघतो त्याने माझे डोळे झोंबत, घसा धरून येई आणि खुर्चीतली मुलगी खोकत असे. ते मी इतका काळ चालू द्यायला नको होते, हे मला आता कळते. त्याऐवजी आलेल्या ग्लायॉक्सिलिक आम्लाच्या क्रीमबद्दलही २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सव्वीस वर्षांच्या एका स्त्रीची हकिकत आली: तिने तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर मी यातले काहीही घालणार नाही. शिवाय केशकूप वाकडाच राहतो, केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि लग्नाच्या सहा महिन्यांनंतर वरचे सहा सेंटिमीटर कुरळे व खालचे केस पट्टीसारखे, अशी अवस्था सांभाळावी लागते. लग्नासाठी आदल्या दिवशी वर सांगितल्याप्रमाणे केस धुऊन, वाळवून, कानामागे सैल गुंफून गजरा माळावा. कुरळ्या केसांत गजरा पिन न लावताही टिकतो.

शाळेच्या दोन वेण्यांवर तोडगा असा. रोज सगळे केस विंचरायचे नाहीत. सकाळी हाताने पाणी शिंपडून, त्यात थोडा कंडिशनर मिसळून केस ओलसर करावेत, भांग बोटाने पाडावा आणि कानाच्या खालून सैल वेण्या घालाव्यात. भुवया वर ओढल्या जाव्यात इतक्या घट्ट वेण्या रोज घातल्या तर कानशिलांवरचे केस कायमचे विरळ होऊ शकतात, याला डॉक्टर ओढीने पडलेले टक्कल म्हणतात. उघडे रबर वापरू नये, कापड गुंडाळलेले घ्यावे आणि त्यावर रिबीन बांधावी. रात्री केस डोक्याच्या अगदी माथ्यावर सैल बांधून, उशीला जुन्या रेशमी साडीचा, जर नसलेला गुळगुळीत तुकडा घालावा. सुती अभ्रा केस घासतो. एवढ्याने मानेवरची दुसरी गाठ टळेल.

मुलीशी बोलताना एक गोष्ट पाळावी, असे मला मनापासून वाटते. “हिचे केस माझ्यासारखे असते तर” हे वाक्य तिच्यासमोर पुन्हा कधी उच्चारू नये. वर्गातल्या मुली ‘झिपरी’ म्हणतात तेव्हा तिला वाईट वाटते, पण आईच्या तोंडून आलेला सुस्कारा तिच्या मनात जास्त दिवस राहतो. तिचे केस कोणाकडून आले ते शोधावे. आत्या, आजोबा, पणजी, कोणाच्या तरी जुन्या फोटोत तेच वळण सापडते आणि मुलीला ते पाहून फार बरे वाटते. आपल्या भाषेत कुरळ्या बटांना अलक हा शब्द आहे, अजिंठ्याच्या चित्रांतल्या स्त्रियांच्या कपाळावर बटा आहेत, आणि बुद्धाच्या मूर्तीचे मस्तक बारीक वळलेल्या केसांनी भरलेले असते. हे तिला सहज, भाषण न वाटता सांगता येईल. आणि दुसऱ्या महिन्यापासून कंडिशनरची बाटली तिच्याच हातात द्यावी. स्वतःच्या बोटांनी गुंता सोडवू लागलेल्या मुली चार-सहा आठवड्यांत केसांबद्दल वेगळ्या आवाजात बोलू लागतात, हे मी कितीदा तरी पाहिले आहे. पहिले तीन आठवडे मात्र केस विचित्र दिसतील, कुठे सरळ, कुठे कुरळे, कुठे चिकट. त्या काळात पद्धत बदलू नये आणि नवे काही विकत आणू नये.

तुटलेली टोके एकदा कापून घ्यावी लागतील, कारण ती कशानेही सांधत नाहीत. कुरळे केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळल्यावर दोन-तीन इंच वर चढतात, म्हणून ओल्या केसांवर मापाने कात्री चालवली की हमखास फसगत होते. पातळ करण्याची दाताळी कात्री तर लावूच देऊ नये, तिने बटांचे तुकडे होऊन केस चहूकडे उभे राहतात. लग्नाच्या खरेदीला साताऱ्यास याल तेव्हा तिला घेऊन या. आदल्या दिवशी केस धुऊन, जवसाची जेल लावून, न विंचरता तसेच मोकळे वाळू द्यावेत आणि त्याच अवस्थेत यावे, म्हणजे कोरड्या केसांचे प्रत्येक वळण पाहून मला एकेक बट तिच्या जागी कापता येईल.